रोजची खरी हकीकत : लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

आमच्या माधवनगर स्टेशनावरून सांगली, मिरज ओलांडून कोल्हापुराकडे निघालें कीं उसाच्या मळ्यांचा जो सुपीक मुलूख लागतो, त्या मुलुखानें मराठी इतिहासास अनेक शिपाई दिले. त्यांपैकीं एकाचें चरित्र यंदाच्या अंकांत आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हें नांव घरांतील वडील मंडळींस ठाऊक असेल. मुलांस कदाचित् नसेल. त्यांस जाऊन आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. कोरियांतील युद्ध थांबल्यावर त्या दूरच्या देशांत आपल्या सैन्यानें जें अवघड काम केलें, त्याचे सेनापति हेच होते.

चरित्रास आरंभ करण्यापूर्वीं एका गोष्टीची ओळख करून देणें आम्हांस अवश्य वाटतें, कारण या चरित्राची किल्ली तींत आहे. युद्धाचें वर्तमान आपण सकाळीं वाचतों, तें कोठून येतें? सैन्यांत रोजच्या रोज परिस्थितीची हकीकत वर कळविण्याचा नेम असतो. आपली ठाणीं कोठें आहेत, शत्रु कोठें आहे, कालपासून काय घडलें, किती पडले, किती जखमी झाले, कितींचा पत्ता लागत नाहीं, दारूगोळा व अन्नसामग्री किती उरली, आणि उद्यां काय करण्याचा विचार आहे, इतक्या प्रश्नांचीं उत्तरें तींत द्यावयाचीं असतात. कंपनीची हकीकत पलटणीकडे, पलटणीची ब्रिगेडकडे, ब्रिगेडची डिव्हिजनकडे, अशी ती पायरीपायरीनें चढत मुख्य ठाण्यापर्यंत जाते व तेथील नकाशावर टांचण्या हलतात. आपल्या हातीं वर्तमानपत्रांतून येतो तो या हकीकतीचा अगदीं शेवटचा, गाळलेला अंश. खालच्या पायरीवरील एका मनुष्यानें लाजेखातर किंवा भीतीनें एक आंकडा खोटा लिहिला, तर वरच्या नकाशावरील टांचणी चुकीच्या टेकडीवर बसते, आणि पुढें ज्या आज्ञा सुटतात त्यांची किंमत कोणाच्या तरी मुलास प्राणांनीं द्यावी लागते.

ही रीत आपल्या भागास नवी नाहीं. पेशवाईंत पटवर्धन सरदारांच्या छावणींतून घरीं व पुण्यास जीं पत्रें जात, त्यांत फौज कोठें उतरली, दाणावैरण कशी आहे, शत्रूचा रोख कोणीकडे आहे, हें तपशीलवार लिहिलेलें असे. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनीं तीं पत्रें ऐतिहासिक लेखसंग्रहांत छापून अमर केलीं. शंकरराव थोरात याच परंपरेच्या मुलुखांत वाढले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजीं त्या वेळच्या कोल्हापूर संस्थानांत, वडगांव येथें झाला. वडील शेतकीच्या शास्त्राचे नामांकित विद्वान होते. घरांत विद्येची आवड, मूळ मातींतलें, आणि शिस्त वडिलांच्या करड्या नजरेची. मुलानें मात्र शिपाईगिरी पत्करली. त्या काळीं हिंदी तरुणास सैन्यांत अधिकाऱ्याची जागा मिळणें किती दुर्मिळ होतें, हें आजच्या मुलांस सांगितल्यावांचून कळावयाचें नाहीं. इंग्लंडांतील सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयांत हिंदी तरुणांस दरसाल अवघ्या कांहीं जागा राखलेल्या असत. तेथें परकीय हवेंत, परकीय भाषेंत व पुष्कळदां परकीयांच्या उपेक्षेंत शिक्षण पुरें करून शंकरराव १९२६ सालीं अधिकारी झाले आणि पंजाब पलटणींत दाखल झाले. पुढें वायव्य सरहद्दीवरील डोंगराळ मुलुखांत त्यांनीं उमेदवारी केली.

दुसऱ्या महायुद्धांत त्यांची खरी परीक्षा ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर झाली. १९४५ च्या जानेवारींत कांगाव येथें माघार घेणाऱ्या जपानी सैन्याची वाट अडविण्यासाठीं मोठी झुंज झाली. ५१ व्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींवर हिंदी अधिकारी नेमलेले होते : थिमय्या, सेन व थोरात. हिंदी मनुष्यास पलटण चालवितां येईल कीं नाहीं याविषयीं शंका घेणारे लोक त्या वेळीं पुष्कळ होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या तिघांवर केवढी जबाबदारी होती तें समजेल. मेलरोज नांवाच्या टेकडीवर जपानी खंदक खणून बसले होते. थोरातांच्या २/२ पंजाब पलटणीनें संगिनींनीं लढून ती टेकडी काबीज केली. तिघांही सेनानायकांस डी. एस. ओ. हा मानाचा किताब मिळाला, आणि शंका घेणाऱ्यांचीं तोंडें बंद झालीं.

आतां आपण कोरियाकडे वळूं. २५ जून १९५० रोजीं उत्तर कोरियाचें सैन्य अडतिसाव्या अक्षांशाची रेषा ओलांडून दक्षिणेंत घुसलें. तीन दिवसांत सेऊल पडलें. संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें अमेरिका व इतर अनेक राष्ट्रें दक्षिणेच्या साह्यास धांवलीं. सप्टेंबरांत इंचॉन येथें सैन्य उतरवून त्यांनीं पारडें फिरविलें. हिंवाळ्यांत चीनचें सैन्य रणांत उतरलें व पारडें पुन्हा फिरलें. त्या वर्षीं रोजच्या हकीकतींत गांवांचीं नांवें इतक्या झपाट्यानें बदलत कीं काल आपल्याकडे असलेलें ठाणें आज शत्रूकडे असे. पुढें १९५१ च्या उन्हाळ्यापासून मात्र रेषा जवळपास जागच्या जागीं खिळली. तहाचीं बोलणीं सुरू झालीं आणि दोन वर्षें चाललीं. या दोन वर्षांत हकीकतीचा मथळा बहुधा फरक नाहीं असाच असे. परंतु फरक नाहीं या शब्दांखालीं त्या दिवशींचे मृत व जखमी मोजलेले असतच. आपल्या देशानें लढणारें सैन्य पाठविलें नाहीं. कर्नल रंगराज यांच्या हाताखालीं ६० वें पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हें वैद्यकीय पथक मात्र १९५० च्या अखेरीस तेथें जाऊन जखमींची सेवा करीत होतें.

तह अडला तो मुख्यतः एका प्रश्नावर. पकडलेल्या कैद्यांपैकीं हजारों लोक स्वदेशीं परत जाण्यास तयार नव्हते, किंवा तयार नाहींत असें सांगितलें जात होतें. त्यांस जबरीनें पाठवावें काय? आणि जावयाचें नाहीं हें ते स्वखुषीनें म्हणतात कीं कोणाच्या धाकानें? शेवटीं असें ठरलें कीं अशा कैद्यांस एका तटस्थ मंडळाच्या ताब्यांत द्यावें. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया व भारत हीं पांच राष्ट्रें त्यांत होतीं. अध्यक्षपद भारताकडे आलें व त्यावर जनरल थिमय्या यांची नेमणूक झाली. कैद्यांस प्रत्यक्ष सांभाळण्याचें काम एकट्या भारताच्या सैन्याकडे आलें; त्या सैन्याचे सेनापति मेजर जनरल थोरात. कांगावच्या रणांगणावरील दोन सोबती आठ वर्षांनीं दुसऱ्याच प्रकारच्या रणांगणावर एकत्र आले.

२७ जुलै १९५३ रोजीं शस्त्रसंधि झाला व ऑगस्टच्या अखेरीपासून आपलें सैन्य इंचॉनच्या किनाऱ्यापाशीं पोंचूं लागलें. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनीं भारतीय शिपायांस आपल्या भूमीवर पाऊल टाकूं देणार नाहीं असा हट्ट धरला होता. तेव्हां सुमारें सहा हजार लोकांस जहाजांवरून हेलिकॉप्टरांत बसवून थेट दोन्ही सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यांत उतरविण्यांत आलें. तेथें ओसाड माळावर तंबू ठोकून जी वसाहत उभी राहिली, तिला हिंद नगर असें नांव पडलें.

काम कसें होतें? दक्षिणेकडून २२,६०४ कैदी ताब्यांत आले. त्यांत १४,७०४ चिनी व ७,९०० कोरियन. उत्तरेकडून आले ३५९. दक्षिणेकडील कैदी तारांच्या कुंपणांआड आपापल्या पुढाऱ्यांच्या मुठींत होते. ते झेंडे फडकवीत, घोषणा देत, आणि भारतीय आपणांस फसवून परत धाडतील अशा संशयानें पेटलेले असत. एखाद्यानें परत जाण्याची इच्छा दाखविली, तर रात्रीच्या अंधारांत त्याचे प्राण संकटांत येत. तंबूंच्या आंत खूनही झाले. रखवाली करणाऱ्या शिपायांस शिव्या, दगड व थुंकणें सहन करावें लागे आणि हातांत बंदूक असून ती न चालविण्याचा संयम राखावा लागे.

सप्टेंबरच्या अखेरीस एके दिवशीं चिनी कैद्यांनीं मेजर ग्रेवाल नांवाच्या आपल्या अधिकाऱ्यास कुंपणाच्या आंत ओढून नेलें व अडकवून ठेविलें. बाहेर आपले शिपाई संतापानें जळत होते. गोळीबाराची आज्ञा दिली असती, तर कोणी दोष देता ना. पण शेंकडों कैदी मेले असते, ग्रेवाल वांचते ना, आणि भारत तटस्थ आहे या शब्दास कवडीची किंमत उरती ना. थोरात स्वतः थोडक्या लोकांनिशीं त्या खवळलेल्या जमावांत शिरले. कैदी ओरडत होते, अंगावर येत होते. सेनापतींनीं आवाज चढविला नाहीं. आम्ही तुमच्या दारीं पाहुणे म्हणून आलों आहों आणि पाहुण्यास साधा चहा किंवा सिगारेटही विचारावयाची नाहीं काय, अशा आशयाचें कांहींतरी ते हंसत हंसत बोलले. आतिथ्यधर्माची आठवण कोणत्याही देशाच्या मनुष्यास लाजविते. जमावाचा सूर बदलला, चहा व सिगारेटी आल्या, बोलणें झालें, आणि सेनापति ग्रेवालांस सोबत घेऊन, एकही गोळी न सुटतां, बाहेर आले. या धैर्याबद्दल त्यांस पुढें द्वितीय वर्गाचें अशोक चक्र मिळालें. त्यासच आतां कीर्ति चक्र म्हणतात.

प्रत्येक वेळ अशी साधली असें मात्र नाहीं, आणि तें लपविणें या चरित्रास शोभणार नाहीं. ऑक्टोबरच्या आरंभीं कैदी कुंपणें मोडूं लागले तेव्हां गोळीबार करावा लागला व त्यांत कांहीं कैदी मेले. दक्षिणेकडील लोक भारतास उत्तरेचा पक्षपाती म्हणत; उत्तरेकडील लोक तक्रार करीत कीं भारत कैद्यांच्या पुढाऱ्यांस पुरेसें दाबीत नाहीं. कैद्यांस समजावून सांगण्यासाठीं दोन्ही पक्षांस नव्वद दिवसांची मुदत होती. ती २३ डिसेंबर १९५३ रोजीं संपली, परंतु भांडणांमुळें प्रत्यक्ष काम त्यांतील थोडेच दिवस चाललें. मंडळांतील सभासदांचें मतैक्य कधीं झालें नाहीं. अशा वेळीं ज्याच्या हातीं कैदी आहेत त्यास एकच आधार उरतो : किती आले, किती गेले, किती मेले, किती आहेत, याचा निखळ हिशेब.

तो हिशेब आम्ही येथें मांडतों, कारण गणिताच्या तासास तो आमच्या मुलांनीं स्वतः करून पाहावा अशी आमची इच्छा आहे. दक्षिणेकडून आलेल्या २२,६०४ कैद्यांपैकीं ६२८ जणांनीं स्वदेशीं परत जाणें पत्करलें. १३ जण पळाले किंवा बेपत्ता झाले. ३८ मेले. ८६ जणांनीं दोन्ही बाजू नाकारून तटस्थ देशांत जाण्याची इच्छा दाखविली. उरलेले २१,८३९ जण १९५४ च्या जानेवारींत संयुक्त राष्ट्रांच्या पक्षाकडे परत देण्यांत आले. उत्तरेकडून आलेल्या ३५९ पैकीं १० जण परतले, २ जणांनीं तटस्थ देश निवडला व ३४७ जण तेथेंच राहिले. बेरीज करून पाहा. एकाही मनुष्याचा फरक पडत नाहीं. वर्गांत पन्नास मुलांचा हजेरीपट भरतांना आमच्या मॉनिटरांची तारांबळ उडते. येथें हजारों माणसें होतीं, परकी भाषा होती, आणि मोजणाऱ्यांवर विश्वास नसलेले लोक मोजावयाचे होते. त्या ३८ मृतांस व १३ बेपत्तांस कागदावर जागा दिली गेली, हें आम्हांस त्या हिशेबांतील सर्वांत मोठें वाटतें. सोयीचा आंकडा लिहिणारा मनुष्य प्रथम असेच आंकडे पुसतो.

दोन्ही बाजूंस नकार देणारे ते ८६ व २ मिळून ८८ जण फेब्रुवारी १९५४ मध्यें आपल्या सैन्याबरोबर जहाजानें भारतांत आले. घर सोडलेलीं, देश सोडलेलीं तीं माणसें हिंद नगराच्या रखवालदारांवर विसंबून निघालीं, यांतच त्या रखवालीचें प्रशस्तिपत्र आहे.

१९५७ ते १९६१ या काळांत थोरात पूर्व विभागाचे मुख्य सेनापति होते. त्यांचें ठाणें लखनौस होतें. १९५९ च्या ऑगस्टांत लोंगजू येथें चिनी सैन्याशीं चकमक झाली व ईशान्य सीमेची जबाबदारी सैन्याकडे आली. थोरातांनीं तो दुर्गम प्रदेश, तेथील वाटा, आपलें मनुष्यबळ व पलीकडील बळ यांचा हिशेब केला आणि ऑक्टोबर १९५९ मध्यें तो वर पाठविला. त्याचें तात्पर्य कटु होतें. आहे त्या सैन्यानें व आहे त्या रस्त्यांनीं सीमेच्या टोंकावर लढतां येणार नाहीं. टोंकाचीं ठाणीं केवळ सूचना देण्यापुरतीं ठेवावीं, मुख्य लढा जेथें आपले रस्ते व रसद पोंचते अशा मागच्या रेषेवर द्यावा, आणि त्यासाठीं सैन्य व सामग्री वाढवावी. पुढच्या वर्षीं, मार्च १९६० मध्यें, लखनौस लाल किल्ला या नांवानें त्यांनीं मोठा लष्करी अभ्यास करून हीच गोष्ट नकाशावर दाखविली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांस तो सारा विचार अवास्तव भीतीचा वाटला, आणि ते कागद पंतप्रधानांपर्यंत पोंचले नाहींत, असें थोरातांनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

१९६१ सालीं जनरल थिमय्या निवृत्त झाले. त्यांच्या मागून सरसेनापतिपद थोरातांस मिळेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. तें जनरल थापर यांस मिळालें व थोरातही त्याच वर्षीं निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीननें हल्ला केला. पुढें महिन्याभरांत ईशान्येस जें घडलें, तें आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांच्या घरांत अजून दुःखानें आठविलें जातें. रस्ता नाहीं, रसद नाहीं, हिंवाळी कपडे नाहींत अशा स्थितींत आपले जवान उंच पहाडांत उभे केले गेले, बोमदिलाही पडलें. तेव्हां पंडित नेहरूंनीं थोरातांस बोलावून घेतलें व तो जुना कागद पाहिला. तो आपणांस आधीं कां दाखविला गेला नाहीं, असा प्रश्न त्यांनीं विचारल्याचें थोरातांनीं लिहिलें आहे. त्या प्रश्नाचें उत्तर पहाडांतून परत न आलेल्या जवानांस उपयोगीं पडणारें नव्हतें.

येथें आमच्या तरुण वाचकांच्या मनांत येईल कीं मग खरें लिहून थोरातांनीं मिळविलें काय? पद गेलें, कागद कपाटांत राहिला, पराभव टळला नाहीं. आम्हीही यावर पुष्कळ विचार केला. आम्हांस असें दिसतें कीं हकीकत लिहिणाऱ्याचें कर्तव्य ती खरी लिहिण्यापाशीं पुरें होतें. ती वाचण्याचें कर्तव्य दुसऱ्याचें आहे. दुसऱ्यानें आपलें कर्तव्य टाकलें म्हणून पहिल्याचें काम व्यर्थ ठरत नाहीं. आज १९६२ च्या पराभवाची कारणें शोधतांना अभ्यासकांस जे भक्कम दगड सांपडतात, त्यांत थोरातांचा तो कागद एक आहे. त्यांनीं वरच्यांस रुचेल असें लिहिलें असतें, तर तोही दगड हातीं लागता ना, आणि पुढच्या पिढीस चूक कोठें झाली हें कळतें ना.

निवृत्तीनंतर ते कटुता धरून बसले नाहींत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. म्हणजे कोण मनुष्य कोणत्या कामास योग्य आहे याची निवड करण्याचें, पुन्हा निःपक्षपाताचेंच काम त्यांच्या वांट्यास आलें. आपल्या आयुष्याची हकीकत त्यांनीं इंग्रजींत लिहिली व मराठी वाचकांसाठीं माझी शिपाईगिरी या नांवानेंही ती उपलब्ध झाली. ऑगस्ट १९९२ मध्यें, शहाऐंशीव्या वाढदिवसाच्या अगदीं उंबरठ्यावर, त्यांचें देहावसान झालें.

आमच्या शाळेंतील मुलांपैकीं कोणी सैन्यांत जाईल, कोणी माधवनगरच्या पेढीवर बसेल, कोणी रुग्णालयांत रात्रपाळी करील, कोणी शेतावर पाण्याच्या पाळ्या सांभाळील. प्रत्येकास कोठें ना कोठें दिवसाअखेरीस एक वही भरावी लागेल. हजेरी, रोजमेळ, रुग्णाचा ताप किंवा विहिरींतील पाणी, असा कांहीं आंकडा त्या वहींत लिहावयाचा असेल, आणि तो थोडासा बदलला तर कोणी रागावणार नाहीं, उलट वरचे लोक खूष होतील, असा मोह त्या क्षणीं होईल. त्या वेळीं हिंद नगरांतील ते ३८ व १३ हे आंकडे आमच्या मुलांस आठवावेत, आणि त्यांच्या हातून त्या दिवशींची वही जशीच्या तशी भरली जावी, एवढी आमची इच्छा आहे.